मामांनी जमवलेली गर्दी

आमच्या मामांइतका गर्दीशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, श्रीगोंद्याकडचे ऊसवाले. लग्नात ते अक्षता पडायच्या आधीच जेवून घेतात आणि देवदर्शनाला अशा आडवारी जातात की पुजारीच दचकतो. "देवालाबी निवांत भेटावं," हे त्यांचं म्हणणं. सलूनला सोमवारी सुट्टी, म्हणून दाढीला ते सोमवारीच सलूनवाल्याच्या घरी जाऊन बसतात. जत्रेला तर ते जत्रा उठल्यावर जातात. रेवड्या स्वस्त आणि धक्काबुक्की नाही! यात भरडली गेली ती आत्या. तिला लहानपणापासून आकाशपाळण्याची हौस. पण लग्नानंतर तिनं पाळणा पाहिला तो भुईवर, सुटा करून टेम्पोत चढवताना. "त्याचे नटबोल्ट मला वळखू येत्यात," ती म्हणते, "बसायचं तेवढं राह्यलं."

यंदा तिचे गुडघे कुरकुरायला लागले. भाकरी थापता थापता, मामांकडे न बघताच ती म्हणाली, "पायऱ्या चढता येत्यात तवर एकदा पाळन्यात बसवा." मामा हलले. पुण्याकडच्या एका थीम पार्कला त्यांनी फोन लावला. पावसाळ्यात तिथल्या राइड पाळीपाळीनं दुरुस्तीला बंद असतात. इतरांना ही अडचण वाटली असती, मामांना पर्वणी वाटली.

"काय काय बंद हाय बाई?" ते दर आठवड्याला विचारायचे. पलीकडची मुलगी ओशाळून सांगायची आणि इकडे मामांचा चेहरा खुलत जायचा. "झ्याक! आन् ती उलटीपालटी करनारी गाडी?"

"ती पुढच्या आठवड्यात बंद होईल, काका."

"मंग आमी तवाच येतो. पाळना तेवढा चालू ठेवा."

गाडी चालवायला मी. केडगावच्या आमच्या गच्चीवरची टाकी बघायलाही मी बायकोला पाठवतो, त्यामुळे पार्कात चपला आणि पिशव्या सांभाळायचं काम मी आधीच मागून घेतलं होतं. आत शिरलो तर मामांचा स्वर्ग! राइडवर ताडपत्र्या, रांगांच्या जागी नुसते कठडे. मामा छाती काढून चालत होते. समोर पाळणा उभा होता, धडधाकट. पण फिरत नव्हता.

"दोघा-तिघांवर नाही फिरवत," पाळणेवाला म्हणाला. "वजन सगळीकडं सारखं लागतं. निम्मे पाळणे तरी भरू द्या. माणसं कुठंयत?"

माणसं नव्हती. माणसं नसावीत म्हणून तर मामांनी महिनाभर फोन केले होते. आत्या नुसती पाळण्याकडे मान वर करून उभी राहिली. मामांनी एकदा तिच्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि निघाले.

पुढचं दृश्य मी स्वतः पाहिलं नसतं तर खोटं म्हटलं असतं. गर्दी दिसली की रस्ता बदलणारा हा माणूस अख्ख्या पार्कात हाका मारत फिरत होता. "चला, पाळना हाय पाळना! मोकळा हाय!" सोनईहून आलेलं एक मोठं कुटुंब त्यांनी वडापावावरून उठवलं. झाडाआड बसलेल्या नवराबायकोला "फोटो वर चांगला येतो" म्हणून आणलं. झाडणाऱ्या मावश्यांना पाळणेवाल्याकडून परवानगी काढून दिली. तरीही निम्मे भरायला एक पाळणा कमी पडला, तेव्हा मामांची नजर माझ्यावर पडली.

"मामा, माझ्याकडं चपला हायेत."

"चपला घेऊन बस. तेवढंच वजन!"

पहिली फेरी मी डोळे घट्ट मिटून काढली. पाळणा थांबला, तसा खालून दांडा उघडायला माणूस पुढं आला. तेवढ्यात आत्या म्हणाली, "आजून एकदा." लगेच मामांचा आवाज घुमला, "कुनी उतरायचं न्हाई!" आणि खरंच, कुणी उतरलं नाही. मी उतरणार होतो, पण चपलांची जोडी लागेना.

दुसऱ्या फेरीला मी डोळे उघडले. पुढच्या पाळण्यात आत्या होती, पदर वाऱ्यावर. मामा हात लांब करून तिला काहीतरी दाखवत होते, बहुधा आपलं गाव कुठल्या अंगाला ते. इतकी वर्षं ती त्यांनी दाखवलेलंच बघत आली होती. आज मात्र ती तिकडे बघत नव्हती, आपली आपण दुसरीकडेच कुठंतरी बघत होती. थोड्या वेळानं मामांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी हात खाली घेतला आणि ती बघत होती तिकडे तेही बघू लागले.