वैशाखातला ताप्तीवरचा तह

जगाच्या पाठीवर आजवर जेवढे राजे, बादशहा, सुलतान आणि झार होऊन गेले, त्या सगळ्यांच्या हातून एकच मोठी चूक झाली: त्यांनी माझ्या मोठ्या साडूंना विचारलं नाही. विचारलं असतं तर रोम आज जागच्या जागी असतं, नेपोलियन रशियाला जाताना स्वेटर घेऊन गेला असता आणि ताजमहाल आमच्या बुऱ्हाणपुरात असता. या शेवटच्या मुद्द्यावरून तर त्यांनी शहाजहानला अजून माफ केलेलं नाही. "बेगम वारल्या इथं, अन् संगमरवर गेला तिकडं," हे ते अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दगडाचा ट्रक यांच्या अंगणात अर्धा रिकामा झाला होता आणि तिथून परत फिरवला.

साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. विजेच्या ऑफिसात बिलाच्या तक्रारी ऐकायची जी खिडकी असते, तिच्या मागे त्यांनी बत्तीस वर्षं काढली. खिडकीचं भोक इतकं लहान की त्यातून प्रजेचा फक्त हात आणि बिल आत येई. चेहरा बाहेरच राही. राज्य करायला याहून चांगली सोय कुठल्याही दरबारात नव्हती, असं त्यांचं ठाम मत आहे. त्या खिडकीमागे बसून रिकाम्या वेळात त्यांनी साऱ्या जगाचा इतिहास वाचून काढला. रिकामा वेळ तिथं किती असे, हे ज्यांची बिलं दुरुस्त झाली नाहीत त्यांना विचारा.

तेव्हापासून पृथ्वीवरचा एकही राजा त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. फ्रान्सच्या त्या डोकं गमावलेल्या राजाला कुलपं बनवायचा छंद होता, त्याला ते सरकारी नोकरीत ठेवायला तयार आहेत, पण गादीवर नाही. अकबराला असीरगड घ्यायला महिनेच्या महिने लागले याचं त्यांना हसू येतं, कारण ते स्वतः अक्काला आणि डब्यातल्या दशम्यांना घेऊन अर्ध्या तासात वर पोचले होते. गडावर तेव्हा कोणी तोफा डागत नव्हतं, ही गोष्ट ते किरकोळ समजतात. चीनच्या ज्या सम्राटाने मातीचं सैन्य घडवून आपल्याबरोबर पुरून घेतलं, तो मात्र त्यांना मनापासून आवडतो. पगार नाही, पेन्शन नाही, मोर्चा नाही. इंग्लंडच्या सहा बायका करणाऱ्या राजाचा विषय निघाला की ते जरा आवाज खाली आणतात, पण स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज येतोच: "सहा असून त्याला जमलं नाही, तुमच्या नशिबाला एकच आली म्हणून टिकलात."

तुघलकावर तर त्यांचा फार जीव. तो चुकला नव्हता, लोक आळशी होते, एवढंच. हे सिद्ध करायला त्यांनी एका उन्हाळ्यात घराचं स्वयंपाकघर खालून वरच्या मजल्यावर हलवलं. डबे, पिठाची टाकी, पाटा, वरवंटा, गॅसची टाकी, सगळं अक्काने आणि मी वर चढवलं; सुलतान जिन्याच्या खाली उभे राहून दिशा दाखवत होते. पंधराव्या दिवशी वरच्या पत्र्याच्या उन्हाने दूध फाटायला लागलं तेव्हा राजधानी परत खाली आली. यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की मुद्दा सिद्ध झाला: मी आळशी आहे.

आणि उंची. दोन राजे भेटले की कोण वर बसला आणि कोण खाली, यावर इतिहास ठरतो, असं ते मानतात. म्हणून कोणाच्याही लग्नात ते आधी खुर्च्या मोजून घेतात, शेजाऱ्याच्या खुर्चीला गादी दिसली की स्वतःला दोन मागवतात. माझ्या घरभरणीला त्यांनी तीन गाद्यांवर बसून जेवण केलं. पाय जमिनीला लागत नव्हते, पण चेहऱ्यावर अख्खं साम्राज्य होतं.

इतकं सगळं जाणणाऱ्या माणसाचं स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. मूळ घर नदीपलीकडे जैनाबादला. नोकरीमुळे साडूबुवा नदीच्या अलीकडे शहरात आले, धाकटे तिकडेच शेती करत राहिले. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी यांच्या घरची जायची, हा पिढ्यांचा मान. नऊ वर्षांपूर्वी साडूबुवांनी आपल्या वाटणीचे बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. मान थोरल्याचा आणि थोरल्याकडे ट्रॅक्टर, तेव्हा तोरणाखालून आधी ट्रॅक्टर जाईल, असा त्यांनी हुकूम काढला. त्याला झूल घातली, पुढच्या दिव्यांना बेगड लावली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मागे धाकट्यांची शिंगं रंगवलेली देखणी जोडी उभी. ट्रॅक्टरचं धुराडं तोरणात अडकलं, आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं आणि धुराड्याला गुंडाळून वेशीपासून मारुतीपर्यंत फरफटत गेलं.  मागून धाकटे म्हणाले, "भाऊ, आता याला पुरणपोळी चारायची का डिझेल?"

गाव हसलं. राजा लढाई हरून घरी परत येऊ शकतो. गाव हसल्यावर येऊ शकत नाही. साडूबुवांनी ट्रॅक्टर तसाच पूल ओलांडून शहरात आणला आणि त्यानंतर तो पूल पुन्हा ओलांडला नाही.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी बातमी आली की धाकटे शेत बटाईने देऊन कायमचे इंदूरला, मुलाकडे चाललेत. गुडघे गेलेत, होत नाही. त्या दिवशी साडूबुवा एकाही राजाबद्दल बोलले नाहीत. अक्काने मला बाजूला घेऊन सांगितलं की ते दोन दिवस जेवणात मीठ मागत नाहीयेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, दार लोटलं आणि माझी एलची, म्हणजे राजदूत, म्हणून नेमणूक केली.

अडचण साधी होती. धाकटा जाण्याआधी भेटायचं होतं, पण त्याच्या दारात जायचं नव्हतं आणि त्याला आपल्या दारात बोलवायचंही नव्हतं, कारण तो नाही आला तर? मी पुलाचा मध्य सुचवला. तह काय केळीच्या ट्रकला साइड देत करायचा, असं त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी नेपोलियन काढला. तो आणि रशियाचा झार नदीच्या मधोमध तराफ्यावर भेटले होते. हा किनारा याचा, तो त्याचा, मधलं पाणी कोणाचंच नाही. ठरलं. राजघाटाहून नाव काढायची, ताप्तीच्या मध्यावर तह.

तहाची अकरा कलमं त्यांनी जाड कागदावर लाल शाईने लिहिली. दोघांच्या बसण्याची उंची सारखी राहील. आधी कोणीही बोलणार नाही; एलची तीन आकडे मोजेल आणि दोघं एकदम बोलतील. कोणीही माफी मागणार नाही, परंतु दोघांनीही मागितली आहे असं समजण्यात येईल. मी तो कागद घेऊन पूल ओलांडून जैनाबादला गेलो. धाकट्यांनी ओट्यावर बसून तो दोनदा वाचला. भाऊने माझ्या नावापुढे श्री लावलंय, म्हणजे अजून फार रागात आहे, असं म्हणाले. मग खाली पेन्सिलने बारावं कलम घातलं: येताना भाऊने लांबचा चष्मा आणावा, उगाच मागून म्हणेल की मी ओळख दिली नाही.

मुहूर्त पंचांगात पाहिला, नेपोलियन पुस्तकात पाहिला. नदीकडे मात्र कोणी पाहिलं नाही. वैशाख चालू होता. सकाळी साडूबुवा जोधपुरी कोट आणि मोजड्या घालून नावेत बसले. नावाड्याला मध्यावर घे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "नाव जाईल तिथवर नेईन, साहेब." ती पन्नास हात गेली आणि वाळूत बसली. तो वल्ह्याने ढकलत राहिला, मी उतरून ढकललं. नाव हलली नाही, आणि पाणी माझ्या गुडघ्यालाही लागलं नाही.

पलीकडून धाकटे चालतच निघाले होते. चपला एका हातात, धोतर वर खोचलेलं, गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक पाऊल चाचपून टाकत. नावेशी येऊन पाण्यात उभे राहिले. आता पेच असा पडला की थोरले फळीवर उभे आणि धाकटे हातभर खाली. उंचीचं कलम तिथंच मोडलं. धाकट्यांना त्या गुडघ्यांनी वर चढता येण्यासारखं नव्हतं. साडूबुवांनी थोडा वेळ फळीकडे पाहिलं, थोडा वेळ भावाच्या पायांकडे. मग कोट आणि मोजड्यांसकट ताप्तीत उतरले.

मी मोजलं. एक, दोन, तीन. मी परत मोजलं. नावाड्याने बिडी पेटवली. तिसऱ्यांदा मोजायला तोंड उघडलं तेव्हा धाकटे म्हणाले, "भाऊ, पाय नीट ठेव. इथं शेवाळ आहे."

साडूबुवांनी त्यांचा दंड धरला. पाय नीट ठेवायला धरला, पण मग सोडला नाही.

"बैल कोणाला दिलेस?" साडूबुवांनी विचारलं.

"तुकईथडच्या एकाला. माणूस चांगला आहे, मारत नाही."

कलमांचा कागद साडूबुवांच्या हातातच होता, पण त्यांनी तो उघडला नाही. खालचं टोक पाण्यात बुडून लाल शाई वाहत होती. मग ते म्हणाले, "त्या दिवशी बैल पुढं गेले असते अन् माझा ट्रॅक्टर मागून, तर काय बिघडत होतं रे."

"अन् मी गप बसलो असतो तर?"

"तू कधी बसलायस गप."

धाकटे हसले. साडूबुवांनी लगेच, जणू सहज सुचलं असं दाखवत, जाणं आठ दिवस पुढे नाही का ढकलता येणार, असं विचारलं. धाकट्यांनी मान हलवली. पोरगं परवा गाडी घेऊन येतंय, सामान बांधून झालंय. "बरं," साडूबुवा म्हणाले. मग त्यांनी भावाला हाताला धरून जैनाबादच्या काठापर्यंत पोचवलं, आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर म्हणून घरीही गेले. दुपारी पुलावरून रिक्षाने परतले तेव्हा मोजड्या एका पिशवीत होत्या आणि दुसऱ्या पिशवीत अक्काच्या धाकट्या जाऊबाईंनी दिलेल्या सांजोऱ्या.

तिसऱ्या दिवशी धाकटे इंदूरला गेले, ठरल्याप्रमाणे. आता रोज दुपारी त्यांचा व्हिडिओवर फोन येतो. धाकट्यांना तो धरता येत नाही, त्यामुळे साडूबुवांना भावाचं फक्त कपाळ दिसतं, आणि ते त्या कपाळाशी तास तास बोलतात. पाऊस कुठं पडला, बटाईवाल्याने केळीला पाणी दिलं का, तिथल्या दूधवाल्याची लबाडी. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला होता, आणि समोर साडूबुवा एकटेच हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर इंदूरच्या घराचं छत होतं आणि त्यात एक पंखा फिरत होता. धाकटे कुठं आहेत म्हणून मी विचारलं.

"झोपला," ते हळू आवाजात म्हणाले. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "राहू दे चालू."