इन्स्पेक्टर हॅगर्टच्या हातातला चहा

क्लिफर्ड ॲस्क्यू आमच्या मँचेस्टरच्या मुलांच्या चित्र-साप्ताहिकात चित्रांच्या दुरुस्त्या करायचा. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्याने पांढऱ्या रंगाने दुसऱ्यांच्या चुका झाकल्या. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत पाऊल न टाकणारा हा गृहस्थ, आणि जीव लावून बसला होता तो इन्स्पेक्टर हॅगर्टवर. हॅगर्ट म्हणजे आमच्या चित्रकथेतला पोलीस. वरिष्ठांचे हुकूम धाब्यावर बसवणारा, दार उघडं असताना खिडकी फोडून आत शिरणारा.

सत्त्याहत्तर साली पालकांच्या तक्रारी आल्या आणि आमचे संपादक पिलिंगसाहेब यांनी फतवा काढला, की पिस्तूल नको. पण हॅगर्टची चित्रं स्पेनहून टपालाने यायची आणि पुढच्या कित्येक आठवड्यांची पानं येऊन पडली होती. क्लिफर्डने पिस्तुलं पुसली. रिकामी मूठ बरी दिसेना, म्हणून तिथे चहाचा कप काढला. पुढच्या फतव्यात ठोसे गेले, त्यांच्या जागी बिस्किटं आली. आता हॅगर्ट दातओठ खात दरोडेखोराच्या नाकाखाली बिस्किट धरायचा आणि दरोडेखोर हात वर करायचा. बोलण्याच्या फुग्यांतला मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं, 'बुडवून खा. शेवटचं सांगतोय.'

पोरं खूश झाली. आवडत्या तीन गोष्टींची नावं ती दर आठवड्याला कुपनावर लिहून पाठवायची. तळाला जाईल ती गोष्ट बंद, असा आमचा नियम. तळाला टेकत आलेला हॅगर्ट दुसऱ्या नंबरावर आला. कुपनांची पाकिटं उघडायला क्लिफर्ड सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला.

मग साहेबांना हॅगर्टचा चेहरा खुपायला लागला. चहा पाजणारा माणूस एवढा रागावलेला का, असं एका आईने विचारलं होतं म्हणे. साहेबांनी त्याच्या तोंडावर हसू काढायला सांगितलं. क्लिफर्डने ब्रश धुतला, पुसला आणि ठेवून दिला.

"मी नाही काढणार, साहेब."

"का? जमत नाही?"

"जमतं की. पण हसायला लागला तर तो कुणाचंही ऐकेल."

साहेब गांगरले. या माणसाचा नकार त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर रागवायचं कसं हेच त्यांना सुचेना. त्यांनी तो ब्रश उचलून माझ्यापुढे धरला. हॅगर्टच्या तोंडी उद्धट वाक्यं घालताना माझी छाती फुगायची, आणि त्याच मी तो ब्रश निमूटपणे हातात घेतला. सहा पानांवर मी एकोणचाळीस वेळा हसू काढलं. आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांत हॅगर्ट तळाला गेला. एका कुपनावर कुण्या पोराने विचारलं होतं, 'हा नवीन माणूस कोण?'

हॅगर्टचं शेवटचं पान छपाईला जाण्याआधी क्लिफर्डने खिडकीशी धरून पाहिलं. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रंग सपाट बसलाय," तो म्हणाला. "काही पुसलंय हे कळतसुद्धा नाही."