काकूंचा हसरा चेहरा

शिवणकाम करणाऱ्या काकूंचं भलं करायचं त्यांच्या मुलाने एकदा मनावर घेतलं. तो दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, म्हणजे आईवडिलांसाठी त्याच्याकडे काळजी भरपूर होती आणि वेळ अजिबात नव्हता. मग त्याने आईच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

ॲपचे गुण काय वर्णावेत! काकांना पक्षाघात झालेला, डावं अंग लुळं, जीभ जड. जन्मभर बस चालवलेला माणूस आता कूस बदलायलाही काकूंची वाट बघायचा. त्यांच्या गोळ्या, रक्तदाब, व्यायाम, सगळ्याची आठवण ॲप करून द्यायचं. शिवाय पेशंटइतकीच त्याचं करणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यायची, असं ॲपचं ब्रीद होतं. म्हणून काकू काकांना उचलून खुर्चीत बसवत असल्या, की नेमका तेव्हाच फोन मंजुळ आवाजात म्हणायचा, "दीर्घ श्वास घ्या. आज तुम्ही स्वतःसाठी काय केलंत?"

"कप्पाळ केलं!" काकू म्हणायच्या. श्वास त्या नंतर घ्यायच्या, जमला तर.

रोज सकाळी ॲप विचारायचं, आज कसं वाटतंय? हसरा किंवा रडका चेहरा दाबा. पहिल्या दिवशी काकूंनी इमानदारीत रडका दाबला. झालं! प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. झोप कशी आहे, भूक कशी आहे, रडू कधी येतं, आल्यावर किती वेळ टिकतं. इकडे काकांचं अंथरूण ओलं, गॅसवर दूध उतू चाललेलं, दारात गिऱ्हाईक कपड्यांसाठी तिष्ठत उभं. दुसऱ्या दिवसापासून काकू डोळे मिटून हसरा चेहरा दाबू लागल्या. ॲपही गप्प आणि काकूही मोकळ्या.

पण तो चेहरा हिरवा ठिपका होऊन थेट मुलाच्या आणि मुलीच्या फोनवर जायचा. दोघंही निर्धास्त झाली. पूर्वी मुलगी अधूनमधून फोन तरी करायची. आता गरजच काय? आई खुशीत आहे, हे तिला आईच्याही आधी कळत होतं. एकदा तर ॲपने काकूंना 'सदा आनंदी सेवाव्रती' असा चमचमता बिल्ला दिला. मुलाने तो ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने दाखवला.

काकूंना मात्र तो बिल्ला धड दिसलासुद्धा नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकालाच गळ घालावी लागायची आणि काकांच्या गोळ्या त्या बोटांनी चाचपून ओळखायच्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आणखी लांबवलंत तर एक दिवस भलतीच गोळी द्याल." ऑपरेशन झाल्यावर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मग काकांना उचलायचं कुणी?

काकूंनी मुलाला फोन लावला. "थोडे दिवस येऊन राहा रे."

"अगं, अचानक काय झालं? तुझा आलेख तर झकास चाललाय!"

"चुलीत घाल तुझा आलेख. मला दिसत नाहीये."

"मग अक्षरं मोठी करून घे ना, आई. सेटिंगमध्ये जा."

मुलीला विचारलं, तर ती गहिवरून म्हणाली, "आई, तू किती खंबीर आहेस गं! आम्हीच तुझ्याकडून शिकायला हवं."

मग काकूंनी हट्टाने रडका चेहरा दाबला. गिऱ्हाइकाकडून एकेक प्रश्न वाचून घेतला, सगळ्यांची खरी उत्तरं दिली. ॲपने पुष्कळ विचार करून सल्ला दिला: तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, घरच्यांची मदत मागा. त्याची वर्दी घरच्यांनाही गेली. मुलाकडून ताबडतोब लाल बदाम आला. मुलीकडून मिठी मारणारं अस्वल आलं.

ते अस्वल डोळ्यांजवळ धरून काकू ढसाढसा रडल्या. मग फोन काकांच्या मांडीवर टाकून तोंड धुवायला गेल्या.

ॲपमध्ये पेशंटसाठी एक लाल बटण होतं, जिवावर बेतलं तरच दाबायचं. काकांनी उजव्या अंगठ्याने ते हुडकलं आणि आडव्या आलेल्या गाडीला हॉर्न द्यावा तसं दाबून धरलं.

सूर्य मावळायच्या आत मुलगा दारात हजर! ज्याला सुट्टी मिळत नव्हती, त्याला विमान मिळालं होतं. पाठोपाठ मुलगी, रडून डोळे सुजलेली. काका खुर्चीत बसून निवांत चहा पीत होते.

"बाबा! काय होतंय तुम्हाला?"

"अरे, यांना काही झालेलं नाही," काकू ओशाळून म्हणाल्या. "चुकून बोट लागलं असेल."

काकांनी कप खाली ठेवला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि पोरं पहिल्यांदाच इतका वेळ थांबली.

"चुकून... नाही. हिला नीट... दिसत नाही," ते म्हणाले. "हिला... बटण नाही. म्हणून... माझं दाबलं."