नानाखेड्याच्या मुक्कामाला राजा आडवा आला

शाळेत बाईंनी मुलांना विचारलं, बाबा काय करतात? कोणाचे बाबा शिकवतात, कोणाचे दुकान चालवतात. आमची चिमी म्हणाली, "माझे बाबा जातात."

मीराने, माझ्या बायकोने, हे फोनवर हसत हसत सांगितलं. मी तेव्हा जयपूरला ट्रक भरत होतो. मला काही हसू आलं नाही. एरवी मी उज्जैनला नानाखेड्यात आमच्या कॉलनीबाहेर ट्रक लावतो, घरी चहा पितो, चिमीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि निघतो. या खेपेला घरी झोपायचं, असं तिथेच ठरवून टाकलं.

माल म्हणजे एक राजा. फायबरचा, घोड्यावर बसलेला, नाशिकच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहायला निघालेला. कुठला राजा म्हणून विचारलं, तर कारखानदार म्हणाला, "कहीं का नहीं, ऐसे ही राजा है." माझे पूर्वज दरबारात राजाचं सामान सांभाळायचे. मी राजालाच सामान म्हणून नेत होतो. प्रगतीच म्हणायची.

जयपूर ते कोटा रस्ता झकास. पुढे दरा घाटात कोंडी ठरलेली, पाणी भरून ठेवा. झालावाडनंतर कुठल्याही ढाब्यावर दाल-बाटी खा आणि तूप मागायला लाजू नका. जेवलात की खाट फुकट. कोटा गाव कसं आहे, हे मात्र मला विचारू नका. आम्हा ड्रायव्हरांना गाव बाहेरूनच ठाऊक असतं: बायपास, पंक्चरवाला, चहा. हल्ली स्वतःचं घरही तसंच ठाऊक झालंय, याचं वाईट वाटतं.

आगरमार्गे दुसऱ्या दिवशी दुपारी नानाखेड्याला पोचलो. मीराने गादीवर नवी चादर घातली होती. तेवढ्यात शेजारचे आपटेकाका, बँकेतून रिटायर झालेले, ट्रकभोवती फेरी मारून आले. ताडपत्रीतून मुकुट डोकावत होता.

"हा राजा आहे ना? मग रात्री इथे कसा ठहरेल? उज्जैनचा राजा महाकाल. दुसरा राजा इथे रात्र काढत नाही, इतना तो मालूम असेल तुला."

"काका, फायबरचा आहे."

"मुकुट आहे की नाही?"

मुकुट होता. काढून ठेवू म्हटलं, तर तो डोक्याबरोबरच ओतलेला. काकांनी त्याला शाल पांघरून यात्रेकरू करायचंही सुचवलं, पण तलवार लपेना. मी हसण्यावारी नेलं असतं, पण दुसरा राजा इथे रात्र राहिला तर अनिष्ट होतं म्हणतात, आणि उद्या इंदूरपुढचा घाट मला उतरायचा होता, काकांना नाही. ट्रक शहराबाहेर सोडून घरी यावं, तर माल एकटा ठेवायचा नाही अशी मालकाची सक्त ताकीद. चिमी दारात उभी राहून विचारत होती, "बाबा, तू जातोयस?"

मीरा आत गेली आणि गादीच गुंडाळून घेऊन आली.

"राजाला बाहर जाना है ना? मग आपण पण जाऊ. चला."

चिमी केबिनमध्ये आम्हा दोघांच्या मधोमध बसली. राजाला निरोप द्यायला कॉलनी जमली, कोणी कुंकूही लावलं. मला आजवर कोणी हात हलवला नव्हता. शहराची हद्द ओलांडेपर्यंत आपटेकाका स्कूटरवरून मागे होते. खात्री पटल्यावर ते परत फिरले.

इंदूर रोडच्या ढाब्यावर शेव-टमाटर, गरम रोट्या खाल्ल्या आणि नव्या चादरीवर, राजाच्या घोड्याच्या पोटाखाली आम्ही तिघं झोपलो. चिमीचा पाय माझ्या छातीवर होता. तो बाजूला करावासा वाटला नाही. सकाळी त्यांना पोहे-जलेबी खिलवून रिक्षात बसवलं आणि घाट सावकाश उतरलो.

राजा नाशिकला पोचला. परतीच्या भाड्यात टोमॅटो होते, त्यांच्यावर कोणाची हरकत नव्हती. घरी आल्यावर मीराने सांगितलं की चिमीने वर्गात आपणहून उभं राहून जुनं उत्तर बदललं.

"माझे बाबा घोरतात."