जावयाची मार्टिनी

गेल्या महिन्यात भर दुपारी मी खामगावात दारूच्या दुकानासमोर तोंडाला दुपट्टा गुंडाळून उभा होतो. वय साठीला टेकलेलं, पिंपळगाव राजात बियाण्याचं दुकान, अर्धा तालुका ओळखीचा... आणि जन्मात कधी असल्या दुकानाची पायरी चढलेलो नाही. उन्हाळ्यात सगळेच तोंड बांधून फिरतात, तेवढाच काय तो आधार.

कारण जावईबापू. धोंड्याचा महिना होता, म्हणजे जावयाला घरी बोलावून अनारसे वाढायचे, त्याला आवडेल ते करायचं. आमची पल्लवी आणि निखिल पुण्याला असतात. लग्नानंतर एकदाच आले. तेव्हा हा बिचारा आमचा रस्सा खाऊन पाणी पीत बसला, फारसा बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोघं निघूनही गेले.

त्यानंतर दर सणाला काही ना काही कारण... पोर यायचीच बंद झाली. जावयाला आमच्याकडे करमत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

या वेळी ते 'येतो' म्हणाले आणि माझी झोपच उडाली. हीही खेप बिघडली तर पुढचं बोलावणं कोणत्या तोंडाने करायचं? तशात निखिलचं स्टेटस दिसलं... हातात तिकोनी ग्लास, खाली लिहिलेलं 'रविवारची मार्टिनी'. म्हटलं, चला, एक आवड तरी कळली. जावयाला काही सासऱ्याने 'काय घेणार' असं विचारायचं नसतं, आपणच ओळखून पुढे ठेवायचं. निदान आमच्याकडे तरी तसंच असतं.

काउंटरवर हळूच मार्टिनी मागितली. तो माणूस म्हणाला, "तशी बाटली नाही येत, काका. जिन देऊ का वोडका?"

मागे लाईन लागलेली. बाजूला होऊन मोबाईल उघडला, तर अर्धं जग म्हणतं मार्टिनी जिनचीच, उरलेलं म्हणतं वोडकाची, आणि दोन्ही पार्ट्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. त्यात व्हर्माउथ नावाचं आणखी एक प्रकरण लागतं, वर ऑलिव्ह... म्हणजे चुकायला जागा भरपूर.

घाम नुसता उन्हाचा नव्हता. चुकीची आणली तर जावई मनात हसेल, सासरा गावंढळ म्हणेल, आणि पुन्हा येणार नाही. शेवटी वोडका घेतली. कारण वाचलं होतं, तिला वास नसतो. सौ.ला कळणार नाही, एवढाच माझा विचार.

धोंडे-अनारशांचं जेवण झालं. मायलेकी आत आवरत होत्या. तेवढ्यात निखिलला बैठकीत बोलावलं आणि पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हणालो, तुमच्या मार्टिनीसाठी.

तो एकदम दचकला. त्याने बाटलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मी पीत नाही. मी फक्त बनवतो... पल्लवीला आवडते."

दारात पल्लवी उभी होती. चेहरा पांढराफटक.

खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. आपली पोर, आणि दारू? मग तिच्या हातातलं ताट दिसलं. अनारसे त्यात थरथरत होते. ते थरथरणं माझ्या ओळखीचं होतं, कारण खामगावात मी तसाच उभा होतो. मी एका दुपारपुरतं तोंड झाकलं होतं. ती माझ्यासमोर कधीपासून असंच काही ना काही झाकून वावरत होती. या घरात जीव घाबरत होता तो जावयाचा नाही, माझ्या लेकीचा.

फार वाईट वाटलं. तिलाच विचारलं, "मंग तुले काय लागते... जिन का वोडका?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "जिन, बाबा."

म्हणजे बाटलीही चुकली होती.

सौ. मागून आली, बाटली उचलली आणि कपाटात वर ठेवून दिली. "धोंड्याच्या महिन्यात माह्या घरात हे उघडाचं नाही. महिना सरला का या दोघंबी, मंग पाहू." तिला हे किती दिवसांपासून ठाऊक होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. पल्लवी हसता हसता रडायला लागली आणि मी उगाच पंखा वाढवायला उठलो.

महिना सरला. शनिवारी दोघं येताहेत... पल्लवीने स्वतःहून फोन केला. ही पोस्ट टाकायलाही तिचीच परवानगी आहे. मुलीने आपल्यासमोर न घाबरता एक शब्द बोलावा, याचं समाधान काय असतं ते मला या वयात कळलं. कळलं हेच खूप.

आज पुन्हा खामगावला गेलो. ऊन तसंच होतं, पण दुपट्टा गाडीच्या हँडललाच राहू दिला. जिन मागितली. लाईनीत गावचा एक ओळखीचा निघालाच... डोळे मोठे करून विचारलं त्याने, तुम्ही इथे काऊन?

म्हटलं, "लेक येऊन राह्यली."