आत्यानं काढलेला पाचू

अण्णांचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूला ऑफिसच्या जिन्यात होते. "सुमी गेली ग," एवढंच म्हणाले... सुमी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी सुमनआत्या. म्हैसूरच्या बसमध्ये बसले, तर तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. दिसत होते ते तिचे हात. तेजाबात दागिने धुऊन धुऊन बोटांची टोकं पिवळट झालेली.

आमचे आजोबा सोनार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि भावंडांत तिथं रमली ती एकटी आत्या. खडा कोंदणात बसवण्यात हिचा हात माझ्यापेक्षा हलका, असं आजोबाच सांगत. दागिना ती जपायचीही माणसासारखा. मोती कुणी हिऱ्यालगत ठेवला की ओरडायची, "अय्यो, चरे पडतात त्याला! वेगळ्या फडक्यात गुंडाळ." लेणं सगळ्यात शेवटी घालायचं आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवायचं, हे आम्हा मुलींना तिनंच शिकवलं.

तिचा साखरपुडा झाला होता, हे मला मोठेपणी कळलं. श्रीनिवासराव गावातल्याच शाळेत मास्तर, आपल्याच मराठी लोकांतले. त्यांच्या घरून पाचूची अंगठी आली होती. त्याच सुमारास हुणसूरच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आईचा जुना हार दुरुस्तीला दिला. आजोबा तेव्हा बेट्टदपूरला गेलेले. तुटलेली कडी जोडायला आत्यानं आच दिली, ती अंमळ जास्त झाली, आणि हाराच्या मधला पाचू तडकला. लग्न तोंडावर आलेलं, तसा पाचू म्हैसुरात कुठं मिळेना. आत्यानं आपल्या अंगठीतला खडा काढला आणि हारात बसवला. हुणसूरला जाऊन त्या बाईंना जे झालं ते सगळं सांगितलं. त्या रडल्या म्हणे, आणि मग तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

ही गोष्ट तिच्या होणाऱ्या सासूच्या कानांवर गेली. "आम्ही घातलेला खडा दुसरीच्या गळ्यात घालणारी मुलगी आमच्या घरी काय नांदणार?" असा निरोप आला. दोन दिवसांनी श्रीनिवासराव स्वतः सायकलवरून आले. आत्या कामाला बसली होती. दारातूनच त्यांनी विचारलं, "मला एक शब्द सांगितला असतात तर?"

आत्यानं मान वर केली नाही. हातातल्या चिमट्यानं नथीचा मोती फिरवत राहिली. ते सायकल वळवून निघून गेले. लग्न मोडलं. पुढं त्यांचं दुसरीकडे झालं. आत्यानं केलंच नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे दागिने मात्र तिच्या हाताखालून गेले.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिच्याजवळ राहायला गेले होते. एका दुपारी तिनंच विषय काढला. "खडा काढला त्याचं मला काहीच वाटत नाही ग. परत तसंच केलं असतं. पण ते भांडायला नव्हते आलेले, गोत्ता, कळलं ना? विचारायला आले होते. मला राग आला, ह्यांनीही आईचंच ऐकलं म्हणून... पाचू फुटला तो हाताच्या चुकीनं. हे मात्र मी तोंड मिटून फोडलं."

"मग बोलावलं का नाहीस?"

"आज येतील, उद्या येतील म्हणत राहिले. आयतु, संपलं."

अण्णा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तिच्या दिवसांनंतर मात्र मला म्हणाले, "मी तेव्हा जायला हवं होतं. सायकलनं दहा मिनिटांची वाट होती. बहिणीच्या बाबतीत आपण कशाला बोला, म्हणून गप्प बसलो."

गेल्या रविवारी मी म्हैसूरला होते. सकाळी दार वाजलं. सरगूरहून एक बाई आली होती, नाकातल्या चमकीचा खडा हलतोय म्हणून. इतकी वर्षं येणाऱ्याचं काम दारात घ्यायचं ते अण्णांनीच. त्यांनी हात पुढं केला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "ठेवून जा अम्मा, उद्या सुमी करून देईल."

बाई समाधानानं पायऱ्या उतरली. फाटकापाशी पोचली, तरी आम्हां दोघांपैकी कुणालाही तिला हाक मारता येईना... अण्णा चमकी तळहातावर घेऊन तसेच दारात उभे होते.