सरांचे भोकंवाले स्फटिक आणि चंद्रपूरचा मे महिना

दोष सरांचाच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर ‘सरांची बाजू काय होती’ असं कोणी विचारू नये. बाकी असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लॅबच्या सिंकखाली रिकाम्या बाटल्या साचतात, तसे साचतात. चहाला चार जण बसले की बाहेर निघतात.

दोन हजार सालच्या आसपास चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी सरांकडे पीएच.डी. करत होतो. सगळं त्यांच्या सहीवर टांगलेलं. विषय सेंद्रिय स्फटिकांचा, ज्यांच्या आत रेणूंच्या मापाची भोकं असतात. दोन द्रव्यं त्या भोकांत शिरतात, तिथे त्यांची रिअ‍ॅक्शन चटकन होते आणि स्फटिक जसाच्या तसा राहतो. म्हणजे कॅटॅलिस्ट. सरांना हे समजवायला दोन तास लागायचे.

आमचे लॅब अटेंडंट रफीकभाई एका मिनिटात सांगायचे. “मार्कंड्याच्या जत्रेत पाहा ना. मैदानात कोणी कोणाले वळख देत नाई. दर्शनाच्या लायनीत चेंगरले का लगेच, काऊन भाऊ, कोणतं गाव?”

“हे अशास्त्रीय आहे,” सर म्हणाले. आणि पुढच्याच आठवड्यात वर्गात तेच उदाहरण स्वतःचं म्हणून ठोकलं!

०

एकदा प्राचार्य लॅब बघायला आले. सरांनी कौतुकानं बाटली पुढे केली. “यात आतून सगळी छिद्रं आहेत!”

प्राचार्य गंभीर झाले. “मग घेतलं कशाला? सप्लायरला परत करा ना!”

०

हे स्फटिक द्रवात बुडालेले असले की काचेसारखे चमकतात. भोकंही त्या द्रवानंच भरलेली असतात. पाहुणे येणार म्हणून सरांनी ते ओव्हनमध्ये टाकले. “ओले कसे दाखवायचे? बरं दिसत नाही.” द्रव उडाला, भोकं बसली, स्फटिकांचं पीठ झालं.

ते बनवले होते वैशालीनं. माझ्यासोबत रिसर्च करणारी, सिंदेवाहीची, भांडणात माझ्याहून तेज. सर तिलाच म्हणाले, “तुमच्या हाताला गुण नाही.”

“हाताले हाय सर, ओव्हनले नाई!”

०

गडचिरोलीच्या व्याख्यानाला सर बाटली मांडीवर घेऊन बसनं निघाले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “डॉक्टरसाहेब, गुडघ्याले चालते का हे?”

मूल गाव येईपर्यंत सरांनी कॅटॅलिस्ट समजावला.

“म्हंजे सोयरीक जुळवून बाजूले होते?”

“अगदी बरोबर!”

“जेवतबी नाई?”

“नाही.”

“मंग त्याच्यावर भरोसा नाई!”

०

सर कधी ब्लँक करू द्यायचे नाहीत. ब्लँक म्हणजे तोच प्रयोग, फक्त स्फटिक न टाकता. रिअ‍ॅक्शन आपोआप तर होत नाही ना, हे बघायला. सर म्हणायचे, “रिकामं ताट कोणी चाखून बघतं का?”

मे महिना होता. लाईट गेलेली, पंखे बंद, पारा पंचेचाळीसवर. मी सकाळी गुपचूप दोन बाटल्या लावल्या, एक स्फटिकाची, एक बिनास्फटिकाची. संध्याकाळी दोन्हींत माल सारखाच तयार! उन्हानंच काम उरकलं होतं.

सरांना एकट्यात सांगायला हवं होतं, असं आई अजून म्हणते. मी भर सेमिनारमध्ये, बाहेरच्या पाहुण्यांसमोर उभा राहिलो. “सर, आपला कॅटॅलिस्ट मे महिना आहे!”

हॉल हसला. सर हसले नाहीत. माझ्या पुढच्या फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. दुसरा गाईड मिळाला नाही. मी मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या सफारी गेटापाशी, जाऊन टुरिस्टांच्या खोल्यांचं बुकिंग सांभाळू लागलो. मजेत होतो, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात रफीकभाई भेटायला आले. “भाऊ, वैशालीबाईनं थंडीत तुमच्या त्या दोन बाटल्या पुन्हा लावल्या.”

“मंग?”

“बिनास्फटिकवाली तशीच बसून राह्यली. दुसरीत दुपारलेच काम झालं.”

“म्हणजे सर बरोबर होते?”

“स्फटिक बरोबर होते. सरायले आत्ता मालूम पडलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मी तं पहिल्यापासून ब्लँकसाठी सगळ्यांच्या मागं लागलो होतो!”

मी इतका हसलो की गेटावरचे जिप्सीवाले वळून पाहायला लागले.

पेपर छापून आला. त्यात ब्लँकचा तक्ता आहे, माझं नाव नाही. त्या लॅबमधली माझी अडीच वर्षं गेली. पीएच.डी. झाली नाही.